आज वीसच पिशव्या

रविवारची सकाळ. कोल्हापुरातल्या एका पेठेतली तालीम. हौद्याशेजारच्या हॉलमध्ये चार खाटा मांडल्यात, रक्तकेंद्राची गाडी दाराला लागलीय. तालमीच्या फुटबॉल संघाची सोळा-सतरा वर्षांची पोरं जर्सी घालूनच कामाला लागलीत.

शिबिर आहे ते संघाच्या गोलकीपरच्या सहा वर्षांच्या बहिणीसाठी. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यातून साठणारं लोह बाहेर काढायला वेगळी औषधं. दारावरच्या फ्लेक्सवर मात्र तिचा फोटो नाही, नावही नाही. "रक्त मागा, पण पोरीचं तोंड दाखवू नका. तिला उद्या शाळेत जायचंय," असं आईनं बजावलंय. फोटोशिवायचा फ्लेक्स या गावात विरळाच. येणारा-जाणारा थांबून वाचतोय.

अडचण अशी की, ज्यांनी हे सगळं जमवलंय त्या पोरांनाच रक्त देता येत नाही. वय 18 पूर्ण हवं, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. कर्णधार टेबलापाशी अजून हटून बसलाय.

"ताई, दोनच महिने कमी हाईत की ओ."

"मग दोन महिन्यांनी ये. येताना पोटभर खाऊन ये."

मग पोरं माणसं आणतात. थोरला भाऊ, चुलता, रिक्षा स्टॉपवरचे मामा, सीनियर संघातले खेळाडू. शाहू स्टेडियमवर ज्या पेठेशी यांची कायम हमरीतुमरी, तिथलेही आठ-दहाजण गाड्यांवरून येतात. सगळ्यांत धाकटा दारात उभा राहून प्रत्येकाला अडवतोय, "काका, नाष्टा केलायसा न्हवं?" हो म्हटल्याशिवाय आत सोडत नाही.

दहापर्यंत रांग रस्त्यावर येते. पोरांना शंभरी गाठायचीय. तेवढ्यात डॉक्टर बाहेर येतात.

"आज वीसच पिशव्या घेणार."

पोरांचे चेहरे पडतात. डॉक्टर तिथंच पायरीवर बसून हिशोब मांडतात. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात. पोरीला तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा-अठरा झाल्या, आणि रक्तकेंद्रावर अवलंबून असलेली ती काही एकटी नाही. आज शंभरजणांनी रक्त दिलं, तर पुढचे तीन महिने त्यातला एकही पुरुष पुन्हा देऊ शकणार नाही. "मग दोन महिन्यांनी मी कुणाला हाक मारू?"

कुणीच बोलत नाही. मग गोलकीपर स्कोअरची वही काढतो, मागून पानं उलटतो आणि एकेका पानावर एकेक महिना लिहितो. रांग आता वहीकडे वळते. नाव, रक्तगट, फोन नंबर. जून, जुलै भराभर भरतात. दिवाळीच्या आठवड्याला दोन नावं मिळतात. मे महिन्याचं पान मात्र कोरंच राहतं. सुट्ट्या, लग्नसराई, ऊन. शेवटी किटली घेऊन आलेले दूधवाले काका पुढे होतात.

"म्हशीला कुठली सुट्टी असती? लिव्ह माझं नाव मे मध्ये."

पोरं हसतात. काकांच्या मागोमाग आणखी तिघं नाव देतात. हॉलमध्ये विसावी पिशवी भरते, खाटा उचलल्या जातात. वहीभोवतीची गर्दी मात्र दुपारपर्यंत हटत नाही.

वाढदिवसाला, जयंतीला एकाच दिवशी रांगा लावण्यापेक्षा या पोरांची वही जास्त उपयोगाची आहे. तुमच्या जवळच्या रक्तकेंद्राला फोन करा आणि 'कधी येऊ?' एवढंच विचारा. आणि घरात लग्न ठरत असेल तर मुला-मुलीची 'एचबीए2' तपासणी आधी करून घ्या. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि हे एका साध्या रक्त तपासणीत आधीच कळतं.