संगणक-दृष्टीच्या पाठासाठी संगणककक्षाची पूर्वतयारी

विज्ञानाचा प्रयोग वर्गात दाखविण्यापूर्वी शिक्षक काचेची भांडी धुऊन ठेवतो, दिव्यात स्पिरिट आहे की नाही ते पाहतो आणि प्रयोग स्वतः एकदा करून पाहतो. ही तयारी विद्यार्थ्यांच्या नजरेस पडत नाही. परंतु पाठाचे यश बह्वंशी तिच्यावरच अवलंबून असते. संगणककक्षातील पाठासही हाच नियम लागू आहे. तेथे मांडणीत राहिलेली उणीव विद्यार्थ्यास ओळखता येत नाही. पडद्यावर चुकीचा संदेश उमटला, की ‘मला हे जमत नाही’ असा ग्रह तो करून घेतो. पहिल्याच तासाला बसलेला हा ग्रह पुढे दूर करणे फार कठीण जाते. म्हणून मुले कक्षात येण्यापूर्वी काय करून ठेवावे, ह्याचा विचार येथे केला आहे.

विषयाचे स्वरूप

संगणकास चित्र दिसत नाही. त्यास आकड्यांचे एक कोष्टक मिळते. 640 स्तंभ व 480 ओळी असलेल्या चित्रात 3,07,200 बिंदू असतात. रंगीत चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी 0 ते 255 पर्यंतचे तीन आकडे असतात. म्हणजे एकूण 9,21,600 आकडे झाले. ह्या आकड्यांवरून चित्रात काय आहे ते ठरविणे, ह्यास संगणक-दृष्टी म्हणतात. 1966 साली अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत सेमूर पॅपर्ट ह्यांनी दृष्टि-यंत्रणेचा मोठा भाग एका उन्हाळ्यात उभा करण्याची योजना आखली होती. लहान मूल सहज करते ते यंत्राकडून करविणे किती अवघड आहे, हे पुढील अनेक वर्षांत दिसून आले. मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणक-भाषा निर्माण करणाऱ्यांत हेच पॅपर्ट होते.

ह्या कामासाठी ‘ओपनसीव्ही’ नावाचा तयार आज्ञावलींचा संग्रह उपलब्ध आहे. त्याचा आरंभ 1999 मध्ये इंटेल कंपनीत झाला. तो व ‘पायथॉन’ ही भाषा दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यामुळे शाळेस संगणक व साधा कॅमेरा एवढ्यावर काम भागविता येते.

मांडणीचा क्रम

(1) सर्व संगणकांवर पायथॉनची एकच आवृत्ती असावी. नवी आवृत्ती निघाल्याबरोबर सगळे संग्रह तीस अनुरूप झालेले असतातच असे नाही. म्हणून थोडी रुळलेली आवृत्ती निवडणे हिताचे.

(2) ह्या विषयासाठी प्रत्येक संगणकावर स्वतंत्र ‘आभासी परिसर’ तयार करावा. त्यायोगे येथे बसविलेले संग्रह दुसऱ्या कामात मिसळत नाहीत आणि काही बिघडल्यास तेवढाच परिसर काढून नवा करता येतो.

(3) इंटरनेटचा भरवसा नसल्यास ओपनसीव्ही व त्यास लागणारा ‘नमपाय’ हा संग्रह एका संगणकावर उतरवून पेनड्राईव्हने इतरत्र न्यावा व तेथे बसवावा. मात्र सर्व संगणकांची कार्यप्रणाली, ती 32 की 64 बिटांची हे, आणि पायथॉनची आवृत्ती ही एकसारखी असली पाहिजेत. तयार झालेला आभासी परिसर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवू नये. त्यात मूळ जागेचे पत्ते नोंदलेले असतात, म्हणून तो नव्या जागी चालत नाही.

(4) बसविलेल्या प्रत्येक संग्रहाचे नाव व आवृत्ती वहीत लिहून ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी ही नोंद शाळेत राहते.

पाठापूर्वीची चाचणी

चाचणी चार पायऱ्यांनी घ्यावी, म्हणजे दोष कोठे आहे ते तत्काळ कळते. प्रथम पायथॉन सुरू होते का ते पाहावे. नंतर त्यात ओपनसीव्ही बोलावून त्याची आवृत्ती छापावी. नंतर साठविलेले एक चित्र उघडावे. आणि शेवटी कॅमेरा लावावा. मागील पायरी सिद्ध झाल्यावाचून पुढील पायरीस हात घालू नये.

दुसऱ्या पायरीस एक चूक वारंवार होते. विद्यार्थी आपल्या फाईलला संग्रहाचेच नाव देतो. मग पायथॉन मूळ संग्रहाऐवजी ती फाईलच उघडते. तिसऱ्या पायरीस तर विशेष सावध असावे. चित्र सापडले नाही तर ओपनसीव्ही आज्ञावली थांबवीत नाही, केवळ ‘काही नाही’ असे उत्तर देऊन पुढे जाते. तक्रार उमटते ती नंतरच्या ओळीवर, आणि मूल ती निर्दोष ओळ पुन्हा पुन्हा तपाशीत बसते. विंडोजवर फोल्डरचे नाव देवनागरीत असले तरीही पुष्कळदा असेच घडते. म्हणून ह्या कामापुरती नावे रोमन अक्षरांत द्यावीत. चौथ्या पायरीस कॅमेरा दुसऱ्या कार्यक्रमाने अडवून ठेवलेला नाही ना, हे पाहावे.

ओपनसीव्ही रंगांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा असा ठेवते. तेच चित्र तांबड्यापासून आरंभ करणाऱ्या साधनाने दाखविले, तर जास्वंदीचे तांबडे फूल निळे दिसते. ही चूक शिक्षकाने मुद्दाम करून दाखवावी. आकड्यांचा क्रम म्हणजेच रंग, हे तीवरून चांगले पटते.

पहिला पाठ

काळ्या कागदावर हरभऱ्याचे वीस दाणे सुटे मांडावेत व वरून छायाचित्र घ्यावे. चित्र करड्या छटांत आणावे, ठराविक मर्यादेपेक्षा उजळ बिंदू पांढरे व उरलेले काळे करावेत आणि एकमेकांस लागून असलेल्या पांढऱ्या बिंदूंचे समूह मोजावयास सांगावे. उत्तर बहुधा एकवीस येईल. कारण समूहांची ही आज्ञा काळ्या पार्श्वभूमीसही एक समूह धरते. हे उत्तर लगेच दुरुस्त करून देऊ नये. विद्यार्थ्यांनी दाणे हाताने मोजावेत व एकाचा फरक का पडला ते शोधावे. नंतर दोन दाणे परस्परांस टेकवून ठेवावेत; संगणक त्यांस एकच समजतो. खिडकीची सावली कागदावर पडू दिल्यास उत्तर आणखी बदलते. यंत्राचे उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय स्वीकारावयाचे नाही, हा ह्या पाठाचा मुख्य बोध होय.

आरंभीच्या पाठांस दाणे, पाने, खडे अशाच वस्तू घ्याव्यात. मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून घेऊ नयेत व संगणकात साठवूही नयेत.

अशी तयारी झालेली असली, म्हणजे तासाचा वेळ यंत्राशी झगडण्यात जात नाही. चूक तरीही होईलच. परंतु ती दाण्यांत, प्रकाशात की विचारात आहे, हे शोधणे विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहील. तेवढे साधले, की शिक्षकाचे काम झाले.