रिकामीच आहे, पण दिसू द्या

दहा मीटरच्या रेंजवर सगळ्यांत स्वस्त वस्तू कोणती असेल, तर ती एक नारंगी दोरी. पातळ, प्लास्टिकची, लांबूनही नजरेत भरेल अशी. तिचं एक टोक रायफलमध्ये छर्रा भरायच्या जागेतून लोंबतं आणि दुसरं नळीच्या तोंडातून डोकावतं. रायफल लाखांच्या घरातली, जाड कॅनव्हासचं जॅकेट नि ट्राउझर हजारोंचे, पण सगळ्यांवर हुकमत या दोरीची. पोरं तिला 'फ्लॅग' म्हणतात. फ्लॅग नळीत आरपार आहे म्हणजे छर्रा नळीत नाही, आणि हे पाहायला रायफल हातात घ्यावी लागत नाही. दोन लेन पलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही ते कळतं.

माझी भाची पुण्यात शिकते आणि संध्याकाळी एका क्लबमध्ये नेमबाजीचा सराव करते. आबा, म्हणजे तिचे आजोबा, हिवरा आश्रम या गावाहून आले होते. नात बंदूक चालवते म्हणजे नेमकं काय करते ते त्यांना बघायचं होतं, म्हणून आम्ही तिघं मिळूनच गेलो. आबांनी बंदूक पाहिली ती शेताच्या संदर्भात. मेहकर-चिखली पट्ट्यात रानडुकरांचा नि रोह्यांचा त्रास नवा नाही. कुणाकडे तरी परवान्याची बंदूक असायची आणि ती भिंतीला टांगलेली असायची. भरलेली की रिकामी, हे ज्याचं त्याला माहीत.

रेंज म्हणजे एक लांबट हॉल. एका टोकाला टेबलांची रांग, समोर दहा मीटरवर टार्गेटची रांग. टार्गेटचं काळं वर्तुळ तीन सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठं आणि त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तोच दहा गुणांचा. टार्गेटच्या मागे लोखंडी पेटी, तीत छर्रे आदळून गोळा होतात. टेबलांच्या मागे जमिनीवर पिवळा पट्टा. बघणारे त्याच्या मागे, नेमबाज त्याच्या पुढे, आणि टेबलांच्या पलीकडे कुणीच नाही. हॉलला दारं असली तरी टार्गेटच्या बाजूचं दार आतून कडी लावून कुलूप घातलेलं. सराव चालू असताना तिकडून चुकून कुणी आत येणं शक्यच असता कामा नये.

भाचीनं रायफलची पेटी खांद्यावरून उतरवली, पण लगेच उघडली नाही. आपली लेन मिळेपर्यंत ती बंदच. लेनवर पेटी ठेवली ती नळी टार्गेटकडे येईल अशा बेतानं, मग झाकण उघडलं. रायफल उचलली तेव्हा फ्लॅग आतच होता, नळीचं तोंड समोर होतं, बोट ट्रिगरपासून लांब, रायफलच्या अंगाला लावलेलं. ती शेजारच्या मुलीशी बोलायला वळली, पण वळली फक्त मान. खांदे आणि रायफल जागच्या जागी. नवख्यांची चूक इथेच होते असं तिला शिकवणारे सर म्हणाले. कुणी हाक मारली की माणूस अख्खा वळतो आणि हातातली वस्तूही त्याच्याबरोबर वळते. म्हणून पहिले काही आठवडे पोरांना छर्राच मिळत नाही. रायफल उचलायची, धरायची, खाली ठेवायची. सर मधूनच मागून नाव घेऊन हाक मारतात आणि पोरगं कसं वळतं ते बघतात.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिकामीच हाये ना ते? मंग एवढं कायले?"

सरांनी ते ऐकलं. "आजोबा, रिकामी आहे हे तिला माहीत आहे. शेजारच्या लेनवरच्या पोराला कसं कळणार?"

मला वाटतं, रेंजवरच्या सगळ्या नियमांचं मूळ या एका प्रश्नात आहे. आपण सुरक्षितता म्हणजे सावधपणा समजतो, आणि सावधपणा ज्याच्या त्याच्या मनात असतो. रेंज मनावर विश्वास ठेवत नाही. तुमची खात्री तुमच्यापाशी. शेजाऱ्याला दिसेल असं काय आहे, तेवढंच इथे मोजतात.

सराव सुरू होतो तो हुकमावर. 'लोड' म्हटल्याशिवाय फ्लॅग काढायचा नाही. 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय गोळीबार नाही. 'स्टॉप' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. नेम अगदी ठिपक्यावर आला असेल, श्वास रोखलेला असेल, तरीही ट्रिगरवरचं बोट काढायचं. स्पर्धेत 'स्टॉप'नंतर उडवलेल्या गोळीपायी नेमबाज थेट बाद होऊ शकतो. मग 'अनलोड': लिव्हर उघडायचा, छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहायचं, फ्लॅग घालायचा, रायफल टेबलावर ठेवायची. रेंजच्या अधिकाऱ्यानं स्वतः पाहून होकार दिल्याशिवाय रायफल लेनवरून हलवायची नाही. जागतिक नेमबाजी महासंघाच्या नियमपुस्तकात हे सगळं आहे आणि गल्लीतल्या क्लबपासून ऑलिंपिकपर्यंत ते सारखंच लागू आहे.

त्या संध्याकाळी याची परीक्षाच झाली. एका मुलाच्या हातातून एलन की निसटली आणि टेबलापलीकडे दोनेक फुटांवर जाऊन पडली. वाकून हात लांब केला असता तर आली असती. मुलानं रायफल टार्गेटकडेच रोखलेली ठेवली, दुसरा हात वर केला आणि सरांना हाक मारली. सरांनी सगळी रेंज थांबवली. 'स्टॉप', मग 'अनलोड'. एकेक लिव्हर उघडल्याचा आवाज आला, एकेक नारंगी टोक नळीबाहेर आलं. सगळे पिवळ्या पट्ट्यामागे गेले. सर पहिल्या लेनपासून शेवटच्या लेनपर्यंत वाकून बघत गेले. एका लेनवर ते थबकले. फ्लॅग होता, पण नळीच्या तोंडातून बाहेर आलेला नव्हता. अर्धाच आत सरकवला होता. त्या मुलीला बोलावलं, तिच्याकडून तो पूर्ण घालून घेतला, मगच पुढे सरकले. सगळ्या लेन झाल्यावर एलन कीवाल्या मुलाला पुढे जायची परवानगी मिळाली. तो जाऊन परत येईपर्यंत कुणी रायफलला हात लावला नाही. छर्‍यांची डबीसुद्धा कुणी उघडली नाही.

"एवढ्याशा पान्यासाठी सगळ्यायले थांबोलं?" आबा म्हणाले. मग स्वतःच थोड्या वेळानं म्हणाले, "आपल्या पंगतीवानी हाये हे."

हिवरा आश्रमला शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला जो महाप्रसाद होतो, तो ज्यानं पाहिला नाही त्याला आबांचं म्हणणं लागणार नाही. लाखांवर माणसं मोकळ्या रानात रांगेनं बसतात आणि पुरी नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढायला येते. आबांनी तिथे स्वयंसेवक म्हणून कामं केली आहेत. रांगेतून ट्रॅक्टर चाललं की उठायचं नाही, पोरगं रडलं तरी नाही, हे ते दरवर्षी ओरडून सांगत आले. तिथे एक माणूस मधेच उठला तर त्याच्यामागे दहा उठतात. रेंजवर मात्र दुसरा माणूस उठायची वाट बघायची सोय नाही.

हा छर्रा तसा हलका. साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअर गनला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची एअर रायफल त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली असते. गोंधळ इथूनच सुरू होतो. परवाना लागत नाही म्हणजे खेळणं, असा लोकांचा समज. आमच्याकडच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर बघा. दुकानदार फुग्यांच्या फळीला टेकून उभा, गिऱ्हाईक हसत हसत बंदूक बायकोकडे वळवून दाखवतं, मागून पोरं ढकलाढकली करतात. त्या बंदुकीचा छर्रा डोळा घालवू शकतो. रेंजवर अपघात क्वचित होतात ते छर्रा वेगळा असतो म्हणून नव्हे. तिथे नळीसमोर माणूस उभा राहूच शकत नाही, म्हणून.

धोका फक्त नळीच्या तोंडाशी असतो असंही नाही. रायफलच्या पोटाखाली दाबलेल्या हवेचं लांबट सिलिंडर असतं, बहुधा 200 बारपर्यंत भरलेलं. मोटारीच्या चाकात हवा असते साधारण सव्वादोन बार. म्हणजे हातभर लांबीच्या नळकांड्यात चाकाच्या नव्वदेक पट दाब. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षं झाली की ते बाद. दिसायला कितीही चकचकीत असलं तरी बाद. तारीख बघायची जबाबदारी नेमबाजाची. भाचीनं मला ती तारीख आधी दाखवली, रायफल नंतर. मोठ्या टाकीतून हवा भरताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, काट्यावर नजर ठेवायची, आट्यांना तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही. डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर हवा भरताना सिलिंडर फुटून एका पिस्तूल नेमबाजाला डाव्या हाताचा अंगठा गमवावा लागला. त्या वेळी तिथे कुणी गोळी झाडत नव्हतं.

आणि शिसं. ते आवाज करत नाही, म्हणून त्याची भीती कुणाला वाटत नाही. छर्रे बोटांनी भरायचे, लोखंडावर आदळून त्यांची बारीक पूड व्हायची. म्हणून फायरिंग लाइनवर खाणंपिणं बंद, सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. टार्गेटच्या बाजूची जागा कोरड्या केरसुणीनं झाडायची नाही, कारण पूड उडून श्वासात जाते. तिथे ओलं फडकं फिरतं.

एअर रायफल संपली की पुढे पॉइंट टू टू, म्हणजे खरी काडतुसं. तिथे अंतर 25 किंवा 50 मीटर, कानांना मफ, डोळ्यांना चष्मा, आणि परवान्याचा कायदा पूर्ण लागू. आमच्या भागातल्या पोरांना या बंदुकीची पहिली ओळख होते ती एनसीसीत. 25 मीटरवर झोपून गोळ्या झाडायच्या आणि त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते पाहायचं. समोर मातीचा उंच बांध, फायरिंग चालू असेतोवर लाल झेंडा, आणि हिंदीतले हुकूम: 'भर', 'खाली कर', 'जाँच शस्त्र'. शेवटच्या हुकमावर प्रत्येक कॅडेट आपली रायफल उघडून तपासणाऱ्याला दाखवतो. नारंगी दोरी नाही, पण मागणी तीच. तू म्हणतोस म्हणून नव्हे, मला दिसू दे.

2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण आणि राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं होतं. गावाकडच्या आईबापांना आता नेमबाजी परकी वाटत नाही. तालुक्याच्या गावी कुणी गाळा भाड्यानं घेऊन चार लेन टाकतो, पोरं जमतात. चांगलंच आहे. दहा मीटरच्या रेंजला जागा फार लागत नाही, पण अशा ठिकाणी पैसे वाचवायचे ते नेमके भिंतीवर, टार्गेटमागच्या पेटीवर नि कुलपावर वाचवले जातात. तिथे पोरगं घालण्याआधी काय बघावं, हे मी सरांना विचारलं.

त्यांनी रायफलच्या कंपनीबद्दल काही सांगितलं नाही, भिंतीवरच्या पदकांबद्दलही नाही. म्हणाले, सराव चालू असताना जाऊन बसा. टार्गेटच्या बाजूला दार असेल तर त्याला कुलूप आहे का बघा. टार्गेटचं कार्ड बदलायला पोरं पुढे धावतात, की कार्ड तारेवरून मागे येतं? धावत असतील, तर त्या वेळी बाकीच्यांच्या रायफली उघड्या आहेत का? 'स्टॉप' म्हटल्यावर शेवटचा आवाज केव्हा येतो? "आणि शिकवणाऱ्याची स्वतःची रायफल बघा," ते म्हणाले. "पोरांना फ्लॅग घालायला लावणारा सर स्वतःची रायफल तशीच कोपऱ्यात टेकवून ठेवत असेल, तर तिथून उठून यायचं. फी परत नाही मागितली तरी चालेल."

परतताना आबांनी गावातल्या दोन घरांची नावं घेतली, जिथे बंदूक भिंतीला असते. पुढच्या खेपेला दोघांकडे जाऊन ती उघडून दाखवायला सांगणार आहेत. ते चिडतील, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, "चिडू दे ना. दाखोतीन तर खरं."