काशीचे बापूदेव शास्त्री आणि मीटरभर काठी

नववी-दहावीला विज्ञान शिकवत असाल तर वर्गात एकदा विचारून पाहा, दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो? बरीच मुलं म्हणतील, "बरोबर डोक्यावर!" याच मुलांनी अक्षांश आणि कर्कवृत्त पाठ करून गुणही मिळवलेले असतात. पण पुस्तकातलं कर्कवृत्त आणि अंगणातलं ऊन यांची गाठच पडलेली नसते.

अशीच गाठ घालून देणाऱ्या परंपरेतले एक मराठी शिक्षक काशीत होऊन गेले. बापूदेव शास्त्री, जन्म 1821. सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत लॅन्सेलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. पुराणातली सपाट पृथ्वी मानणाऱ्या विद्यार्थ्यापुढे विल्किन्सन थेट कोपर्निकस ठेवत नसत. आधी भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी'. पृथ्वी गोल आहे, तिला कुणाचा आधार नाही, ग्रहण सावलीमुळे होतं, हे आपल्याच ग्रंथात सापडलं की पुढचं पाऊल विद्यार्थ्याला परकं वाटत नाही. 1842 पासून बापूदेव बनारसच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत (आजचं संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ) शिकवू लागले. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिलं, आणि 1861 मध्ये त्यांचा 'सूर्यसिद्धान्ता'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. शिकवण्याच्या नव्या पद्धतींची प्रशिक्षणं आपण खूप करतो. मला मात्र ही जुनी रीत त्यातल्या बऱ्याच पद्धतींपेक्षा पक्की वाटते.

काशीला गेलात तर मानमंदिर घाटावरच्या महालाच्या गच्चीवर जरूर चढा. तिथे सवाई जयसिंगांची वेधशाळा आहे. सम्राट यंत्राची तिरकी भिंत क्षितिजाशी सुमारे 25 अंशांचा कोन करते. काशीचा अक्षांशही तेवढाच. म्हणजे अक्षांश तिथे चक्क विटा-चुन्यात बांधलेला आहे!

काशी लांब असेल तर मीटरभर काठी पुरे. 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या सुमारास ती शाळेच्या मैदानात उभी करा, ओळंब्यानं सरळ आहे ना ते पाहा. मोजण्याआधी एक काम विसरू नका: सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल आणि किती लांब असेल, हा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. लिहिलेला अंदाज चुकला की मूल स्वतःच 'असं का?' विचारतं. हा प्रश्न शिक्षकाला फळ्यावर लिहून देता येत नाही.

मग पावणेबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. पुण्यात आखूड सावली सुमारे 33 सेंटिमीटर भरेल. काशीत त्याच दिवशी 47. वेळेतही गंमत आहे. काशी आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताजवळ, म्हणून तिथली मध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या आसपासच; पुण्यात ती त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं येते. आभाळ आलं तर दुसऱ्या दिवशी मोजा, सेंटिमीटरभराचाही फरक पडत नाही.

तिथे थांबू नका. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात काठीची सावली भर दुपारी काठीच्या पायाशीच नाहीशी होते. काशीत मात्र 21 जूनलाही तीनेक सेंटिमीटर सावली उरते. का, ते मुलांना नकाशावर कर्कवृत्त शोधून सांगू द्या.