फाइल दिसते, उघडते, पण सेव्ह होत नाही! सांबा आणि परमिशनचा गोंधळ असा सोडवा

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकून दुकानासाठी फाइल सर्व्हर कसा करायचा ते पाहिलं. आज त्याचा पुढचा भाग. सर्व्हर सुरू झाला की आठ-दहा दिवसांत हमखास येणारी अडचण म्हणजे परमिशन.

गोष्ट कर्जतची आहे. बाजारपेठेत हार्डवेअर-सिमेंटचं दुकान. काका खरेदी बघतात, सूनबाई बिलं करतात आणि अकाउंटंट आठवड्यातून दोनदा खोपोली लोकलनं लॅपटॉप घेऊन येतात. तिघांसाठी एकच शेअर फोल्डर. दहा तारखेला संध्याकाळी काकांचा फोन आला, "सर, विक्रीची फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की फक्त वाचता येईल म्हणते. उद्या अकरा!"

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना अकरा तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. तिघांनी तीन कॉप्या करून ठेवल्या होत्या आणि खरी कुठली तेच कळेना. नुकसान इथेच होतं बघा. फाइल हरवत नाही, पण हिशोबावरचा भरवसा जातो.

नेमकं झालं काय?

विंडोजच्या कॉम्प्युटरला लिनक्सवरचं फोल्डर दिसावं म्हणून आपण सांबा नावाचं पॅकेज टाकतो. १९९२ पासून चालत आलेलं हे पॅकेज चांगलंच आहे, पण त्याच्या काही सवयी आधी माहीत हव्यात.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक ग्रुप असतो. परमिशन तीन जणांसाठी लिहिलेली असते: मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. यांची बेरीज म्हणजे परमिशनचा आकडा. ६ म्हणजे वाचणं आणि लिहिणं, ७ म्हणजे सगळं, ४ म्हणजे नुसतं वाचणं.

आपण काही सांगितलं नाही तर सांबा नव्या फाइलला ०७४४ ही चाळणी लावतं. म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचन. सूनबाईंनी फाइल बनवली की मालक सूनबाई. अकाउंटंटना ती दिसणार, उघडणार, पण सेव्ह होणार नाही. फोल्डरची चाळणी ०७५५, त्यामुळे एकानं केलेल्या "जुलै" फोल्डरमध्ये दुसऱ्याला नवीन फाइलही टाकता येत नाही.

७७७ का मारायचं नाही?

काकांच्या मुलानं इंटरनेटवर बघून पूर्ण फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारलं. एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण ७७७ आज असलेल्या फाइलना लागतं; उद्या बनणाऱ्या फाइलला सांबा परत आपलीच चाळणी लावतं. त्यात एक्सेल सेव्ह करताना सहसा नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवतं. त्यामुळे शेवटी सेव्ह करणारा मालक होऊन बसतो.

शिवाय ७७७ म्हणजे दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून जेवायला जाणं. आणि हीच कमांड चुकून मूळ रूटवर चालली, तर सुडो बंद पडतं, मशीनमध्ये शिरणं अवघड होतं. सीएचमॉडला अनडू नाही.

आधी निदान, मग औषध

१. सर्व्हरवर एलएस डॅश एल चालवा. मालक कोण, ग्रुप कुठला, ते वहीत लिहा.

२. नेमआय डॅश एल आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. वरच्या एखाद्या फोल्डरला आत शिरायची परवानगी नसेल तर ते इथे दिसतं.

३. सर्व्हरवरच त्या युजरच्या नावानं एक फाइल बनवून बघा. तिथे बनली आणि नेटवर्कवरून बनली नाही, तर गडबड सांबाच्या सेटिंगमध्ये. तिथेही बनली नाही, तर लिनक्सच्या परमिशनमध्ये. सांबाचं शेअर मुळात रीड-ओन्ली असतं, तेही तपासा.

कायमचा उपाय

पहिल्यांदा फोल्डरची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर. त्याशिवाय हात लावायचा नाही.

मग "हिशोब" नावाचा ग्रुप करा आणि तिघांना त्यात घ्या. यूजरमॉड कमांडमध्ये कॅपिटल जीच्या आधी छोटा ए विसरू नका. तो राहिला तर तो माणूस बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, सुडोमधूनसुद्धा.

पूर्ण फोल्डरचा ग्रुप "हिशोब" करा. फोल्डरना २७७०, फाइलना ०६६०, दोन्ही वेगवेगळं. पुढच्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक गोष्ट त्याच ग्रुपची होते.

शेवटी सांबाच्या फाइलमध्ये आपल्या शेअरखाली चार ओळी: फोर्स ग्रुप हिशोब, क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क ०७७०, फोर्स डिरेक्टरी मोड २७७०. मास्क नुसतं गाळतो, फोर्स भर घालतो, एवढं लक्षात ठेवा. टेस्टपार्मनं तपासा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. कमांडचं अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.

आता खरी परीक्षा: सूनबाईंनी फाइल बनवायची, अकाउंटंटनी बदलून सेव्ह करायची, मग सूनबाईंनी पुन्हा. तिन्ही वेळा जमलं तरच काम झालं.

कोणी म्हणेल, सगळ्यांना एकच लॉगिन दिलं की प्रश्नच मिटला. मिटतो, पण कोणी काय बदललं ते कधीच कळत नाही. जीएसटी कायद्यानं हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. तेवढे दिवस "कोणी केलं?" या प्रश्नाला उत्तर हवं.

दरवेळी चूक आपलीच नसते

फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएम या पॅकेजची ५.७.० आवृत्ती सुडोनं चालवणाऱ्यांच्या मशीनवर सिस्टिम फोल्डरचे मालकच बदलले गेले. लगेच ५.७.१ आली, पण ज्यांची मशीन बसली त्यांना मेहनत पडलीच. म्हणून चालू सर्व्हरवर अगदी नवी आवृत्ती पहिल्या दिवशी टाकायची नाही, आणि गरज नसताना सुडो लावायचं नाही.

आणि उबंटूत स्नॅप पद्धतीनं टाकलेलं ॲप पेनड्राइव्ह उघडत नसेल, तर सीएचमॉडच्या मागे लागू नका. काही स्नॅपना रिमूव्हेबल मीडियाची परवानगी वेगळी द्यावी लागते.

काकांकडे रात्री साडेनऊला तिन्ही कॉप्या बिलबुकाशी ताडून एक खरी फाइल ठरवली. परमिशन अर्ध्या तासात बसली होती. वेळ गेला तो फाइली जुळवण्यात. अकराला दुपारी रिटर्न गेलं.

तुमच्या दुकानात आजच एक काम करा: दोन वेगळ्या लॉगिननं एकच फाइल सेव्ह करून बघा. दहा तारखेची वाट बघू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत, विषय असेल बॅकअप!