जपानी भाषा, बुराकु साहित्य आणि आपले विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की दोन-चार विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, जपानी शिकून नोकरी लागते का?" मी त्यांना सरळ उत्तर देते, की चांगली शिकलात तर लागते. मोटारींच्या आणि संगणकाच्या कंपन्यांना दुभाषी लागतात, भाषांतरकार लागतात. ज्या घरात पहिली पदवी माझीच, त्या घरातल्या मुलीने या प्रश्नाला नाक मुरडणे शोभणार नाही. पोटाचा प्रश्न हा हलका प्रश्न नव्हे. परंतु विद्यापीठात जपानी भाषा आणि साहित्य शिकणे म्हणजे केवळ कंपनीच्या दारापर्यंत पोहोचणे नव्हे. तिथे काय शिकवले जाते, काय वगळले जाते आणि जे वगळले जाते ते आपणच का वाचले पाहिजे, हे कार्यकर्त्यांपुढे, शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावे यासाठी हा लेख.

पहिली भीती असते ती लिपीची. जपानीत तीन लिप्या एकत्र चालतात. हिरागाना आणि काताकाना या अक्षरलिप्या आहेत. प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६. ती महिन्याभरात येतात. मराठी मुलाला तर ती लवकर येतात, कारण त्यांचा क्रम त्याच्या ओळखीचा निघतो. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर भारतीय वर्णविचार चीनमार्गे जपानला गेला. तिथल्या भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्याच अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी घडली. आपल्या पाटीवरची बाराखडी आणि जपानी मुलाची अक्षरमाला यांचे असे जुने नाते आहे.

खरी मेहनत आहे ती कांजीची, म्हणजे चीनमधून आलेल्या चित्राक्षरांची. २०१० सालच्या सरकारी यादीप्रमाणे नित्य वापरातील कांजी २१३६ आहेत. एकाच अक्षराचे दोन-तीन उच्चार असतात, त्यामुळे विद्यार्थी गांगरतो. पण आपल्याला हे नवे नाही. पाण्याचे अक्षर एकटे आले की 'मिझु' वाचायचे, जोडशब्दात आले की 'सुइ'. आपणही एरवी पाणी म्हणतो आणि जोडशब्दात जलवाहतूक म्हणतो. 'सुइ'पुढे 'हेइ' म्हणजे सपाट, समान, हे अक्षर ठेवले की 'सुइहेइ' हा शब्द होतो. अर्थ : पाण्याच्या पातळीसारखे समतल. या शब्दाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

व्याकरण मात्र मराठी माणसाला जवळचे वाटते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'योमु' म्हणजे वाचणे, 'मिरु' म्हणजे बघणे, आणि 'योन्दे मिरु' म्हणजे वाचून बघणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा प्रयोग फोड करून समजवावा लागतो; आपल्या मुलाला तो ऐकताक्षणी कळतो. म्हणून माझे मत आहे की जपानी ही इंग्रजीतून न शिकवता मराठीतून शिकवावी. इंग्रजी कच्चे म्हणून आपली खेड्यातली मुले या वर्गात मागे पडतात. त्यात जपानीचा काही दोष नसतो.

आदरार्थी भाषा हा जपानीचा मोठा भाग आहे. बरोबरीचा माणूस येतो तेव्हा 'कुरु', मोठा माणूस येतो तेव्हा 'इराश्शारु' आणि आपण नम्रपणे येतो तेव्हा 'माइरु'. विद्यार्थी हे तक्ते पाठ करतात. पण कोण कोणाला 'ये' म्हणतो आणि कोण कोणाला 'यावे' म्हणतो यात समाजाची उतरंड भरलेली असते, हे आपल्याला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवावे लागत नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे जपानी शिकता येते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बी. ए. पासून संशोधनापर्यंतची सोय आहे. शांतिनिकेतनात विश्वभारतीचे निप्पॉन भवन आहे. याशिवाय भाषेच्या प्रावीण्याची जपानी परीक्षा असते. तिच्या पाच पायऱ्या आहेत आणि कंपन्या त्यांवरूनच माणसे निवडतात. साहित्याच्या अभ्यासात सामान्यतः मुरासाकी शिकिबूची 'गेंजी'ची कथा येते, बाशोची हायकू येते, सोसेकी येतो, नोबेल मिळालेले कावाबाता (१९६८) आणि ओए (१९९४) येतात. हे सारे वाचावे असेच आहे. पण सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांतल्या जपानात सगळे नीटनेटके असते. सगळे एकसारखे, सगळे वेळेवर येणारे आणि सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करणारे.

मी शिकत असताना एकदा वर्गात विचारले होते, "जपानमध्ये जात असते का?" उत्तर मिळाले, तिथे तसले काही नाही. मी खाली बसले. पुढे ग्रंथालयात एक जुने इंग्रजी भाषांतर हाती लागले आणि कळले की तिथे तसले काही आहे. फक्त ते आमच्या अभ्यासक्रमात नाही.

जपानमध्ये सरंजामी काळात मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, फाशी देण्याचे काम करणारे लोक समाजाबाहेर ठेवलेले होते. त्यांना 'एता' म्हणत. ज्या चित्राक्षरांनी हा शब्द लिहीत त्यांचा अर्थ 'अतिशय घाण' असा होतो. दुसरा गट 'हिनिन'. 'हि' म्हणजे नव्हे आणि 'निन' म्हणजे माणूस. १८७१ साली मेइजी सरकारने फर्मान काढून ही नावे रद्द केली. नावे गेली, पण वस्त्या तिथेच राहिल्या. कातड्याच्या धंद्यातला जुना हक्क गेला आणि त्या बदल्यात जमीन मिळाली नाही. काही प्रांतांत तर गावकऱ्यांनी फर्मानाविरुद्ध दंगे करून या वस्त्यांवर हल्ले केले. पुढे या लोकांना 'बुराकुमिन' म्हणू लागले. 'बुराकु' म्हणजे नुसती वस्ती. आपल्याकडे 'वस्तीवरचा' एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळते, तसेच ते.

मला सापडलेले पुस्तक म्हणजे शिमाझाकी तोसोनची 'हाकाइ' ही कादंबरी. ती १९०६ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'आज्ञाभंग'. नायक उशिमात्सु हा शाळामास्तर आहे. काहीही झाले तरी आपला जन्म कोणाला सांगू नकोस, अशी बापाची आज्ञा. तो शिकतो, शिकवतो आणि रोज मरतो. ही कादंबरी मी एका रात्रीत वाचली. शहरात खोली शोधायला निघाले तेव्हा माझे वडील स्टँडवर मला म्हणाले होते, "आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांग, पोरी." त्यांनी तोसोन वाचलेला नव्हता. त्यांना वाचताच येत नव्हते.

शेवटी उशिमात्सु वर्गातल्या मुलांपुढे खरे सांगतो. पण कसे? गुडघे टेकून, लपवल्याबद्दल क्षमा मागून. मग तो अमेरिकेत टेक्ससला जायला निघतो. बुराकु चळवळीतल्या लोकांना हा शेवट खटकला, आणि तो खटकायलाच हवा. क्षमा कोणी कोणाची मागायची? १९३९ च्या आवृत्तीत तर अपमानकारक शब्द बदलण्यात आले. मूळ पाठ १९५३ साली पुन्हा छापला गेला. शब्द झाकल्याने भेदभाव जातो की त्याचा पुरावा जातो, हा वाद जपानी साहित्याच्या अभ्यासात आजही शिकण्यासारखा आहे.

उशिमात्सुला सुचले नाही ते उत्तर त्याच्या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात दिले. त्या दिवशी 'सुइहेइशा' स्थापन झाली. पाण्याची पातळी, समतल, हाच तो शब्द. शा म्हणजे संघ. साइको मानकिची या बौद्ध मंदिराच्या घरात जन्मलेल्या बुराकु तरुणाने जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. त्यात त्यांनी शिवी टाळली नाही, ती उचलून घेतली. आम्ही 'एता' आहोत आणि त्याचा अभिमान धरण्याची वेळ आली आहे, असा त्याचा आशय. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले. या दोन घटना एकमेकींतून निघाल्या असे मी म्हणत नाही. पण पाण्याच्या समतेचा अर्थ ज्यांना कळला होता ते लोक दोन्हीकडे एकाच प्रकारचे होते.

पुढच्या साहित्यात आपल्या ओळखीचा दुसरा वाद भेटतो : सहानुभूतीचा आणि स्वानुभवाचा. सुमिइ सुए ही लेखिका बुराकु समाजातली नव्हती. तिने 'हाशि नो नाइ कावा', म्हणजे 'पूल नसलेली नदी', ही कादंबरी १९५९ पासून लिहायला घेतली आणि सातवा खंड १९९२ साली काढला. नारा भागातल्या वस्तीतील दोन भावांची ही कथा सुइहेइशापर्यंत येते. नाकागामि केन्जी (१९४६ ते १९९२) मात्र वस्तीतच जन्मला. 'मिसाकि' या कथेला त्याला आकुतागावा पारितोषिक मिळाले. तो आपल्या वस्तीला 'रोजि' म्हणजे गल्ली म्हणतो. तिचे गोडवे गात नाही आणि तिची कीवही करत नाही. तोसोन, सुमिइ आणि नाकागामि शेजारी ठेवून वाचले, तर दलित साहित्यावरच्या आपल्या अनेक चर्चा नव्याने तपासता येतील.

आपण बौद्ध आहोत म्हणून एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. जपानमध्ये मृताला मंदिराकडून नवे धर्मनाम मिळते. बुराकु लोकांच्या काही थडग्यांवर या नावांत 'जनावर' या अर्थाचे अक्षर कोरलेले सापडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर मोठा वाद झाला. बुद्धाने समता सांगितली आणि त्याच्या नावाने चाललेल्या मंदिरांनी मेलेल्या माणसालाही बाहेर ठेवले. धर्म स्वीकारला की काम संपले असे समजणाऱ्यांनी ती थडगी वाचावीत. पण त्यासाठी कांजी यायला हवी.

हा इतिहास संपलेला नाही. बुराकु वस्त्यांच्या नावांची छापील यादी कंपन्यांना गुपचूप विकली जात असल्याचे १९७५ साली उघडकीस आले. उमेदवाराचा पत्ता तपासायला ती दोनशेहून अधिक कंपन्यांनी घेतली होती. कंपनीसाठी जपानी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असावे. २०१६ साली कायदा करून सरकारने बुराकु भेदभाव आजही आहे हे मान्य केले. त्या कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. अर्थात आपली जातिव्यवस्था आणि बुराकु प्रश्न एकच आहेत असे म्हणणे उथळपणाचे होईल. हजारो जातींची उतरंड तिथे नाही आणि तिला आधार देणारी मनुस्मृतीही नाही. साम्य आहे ते जन्मावरून माणूस ठरवण्यात, पत्त्यावरून जन्म शोधण्यात आणि लग्नाच्या वेळी चौकशी करण्यात.

शेवटी एका माणसाविषयी. इशिकावा काझुओ हा बुराकु तरुण १९६३ साली सायामा येथील एका शाळकरी मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पकडला गेला. मुख्य पुरावा होता खंडणीची चिठ्ठी. आणि त्याला तर धड लिहिता येत नव्हते, असे बचाव पक्षाचे म्हणणे. १९६४ साली फाशी, १९७४ साली जन्मठेप, १९९४ साली पॅरोलवर सुटका. तो अक्षरे शिकला ती तुरुंगात, आणि मग आयुष्यभर आपले निरपराधित्व स्वतःच्या हाताने लिहीत राहिला. मार्च २०२५ मध्ये तो वारला. फेरसुनावणी मिळाली नाही. तोच १९६० नंतरचा काळ. बुराकु वस्त्यांतून म्हाताऱ्या बाया संध्याकाळी पाटी घेऊन आपले नाव लिहायला शिकत होत्या. अक्षर हे शोभेचे नसते, हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक होते.

म्हणून माझी विनंती अशी. शिक्षकांनी आपल्या होतकरू मुलांना या विभागांची माहिती द्यावी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज बसून भरून घ्यावेत. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पायऱ्या चढाव्यात, नोकरी धरावी, घर सावरावे. पण त्यातल्या एखाद्याने तरी पुढे साहित्याचा अभ्यास करावा आणि बुराकु लेखन मूळ जपानीतून मराठीत आणावे. तसेच आपली आत्मकथने जपानीत न्यावीत. आज हा व्यवहार बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने होतो. मध्यस्थ काय निवडतो आणि काय गाळतो ते आपल्या हातात नसते.

मागच्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीने तोच प्रश्न विचारला, "मॅडम, जपानमध्ये जात असते का?" मी फळ्यावर पाण्याचे अक्षर काढले, त्याच्यापुढे समतेचे अक्षर काढले आणि तासभर त्या एका शब्दावर बोलले. तास संपल्यावर ती मुलगी थांबली आणि 'हाकाइ' कुठे मिळेल ते विचारून गेली.