पायथन भाषेची नवी घडण

१९६२ सालीं मराठी लेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. (या लेखांत ते मुद्दाम राखिले आहेत, आपण कोठें अडखळतां तें पाहावें.) नियम बदलले तरी आजोबांच्या कपाटांतील पुस्तक आपणांस वाचतां येतें, कारण वाचणारा मनुष्य आहे. संगणकाची भाषा बदलली म्हणजे वाचणारें यंत्र असतें, व तें एका कंसासाठींही हटून बसतें.

पायथन ही भाषा गुइडो व्हॅन रोसम या डच गृहस्थांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. ३ डिसेंबर २००८ रोजीं तिची तिसरी आवृत्ति निघाली, ती जुनीशीं फारकत घेऊनच. एवढा खटाटोप कशासाठीं? आपल्या गांवाचेंच नांव घ्या. संगणक अक्षरें 'बाइट' नामक लहान कप्प्यांत सांठवितो. इंग्रजी अक्षरास एक कप्पा पुरतो. प्रचलित युटीएफ-८ पद्धतींत देवनागरी चिन्हास तीन लागतात. 'वालूर' या शब्दाची लांबी विचारली असतां दुसरी आवृत्ति १५ सांगे. म्हणजे अक्षरें सोडून कप्पे मोजी. तिसरी ५ सांगते: व, काना, ल, दीर्घ उकार, र. (आपण तीनच मोजतों; तेवढी समज तिलाही आलेली नाहीं.) जुन्या आवृत्तींत शब्दापूर्वीं 'यू' हें चिन्ह लाविलें तर हेंच उत्तर मिळे; परंतु इंग्रजीस जें सहज, तें मराठीनें मागून घ्यावयाचें, हा भेद मुळांतच होता.

विरुद्ध पक्षही दुबळा नाहीं. छापण्याच्या 'प्रिंट' आज्ञेस कंस सक्तीचे झाले. तेथें यंत्र निदान चूक दाखवून थांबतें. भागाकाराचें तसें नाहीं. ७ भागिले २ याचें उत्तर पूर्वीं ३ येई, आतां ३.५ येतें. गणित नवें बरोबर. पण जुन्या आज्ञावलींतील पूर्णांकांचा हिशेब कांहीं न बोलतां बदलूं शकतो. त्याहून अनाठायीं गोष्ट म्हणजे तें 'यू' चिन्हच रद्द केलें. दोन्ही आवृत्तींत चालेल असें लिहिणें त्यामुळें कठीण झालें, आणि २०१२ मध्यें तें चिन्ह परत घ्यावें लागलें. जुन्या आवृत्तीचा सांभाळ २०१५ सालीं थांबावयाचा, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला.

मला विचाराल तर बदल योग्य होता. पूल मात्र आधीं बांधावयास हवा होता. केवळ इंग्रजींत काम करणाऱ्यांस खर्च तेवढा दिसला. आम्हां मराठी लोकांस लाभ पहिल्याच ओळींत दिसतो. तिसऱ्या आवृत्तींत चलांचीं नांवेंही देवनागरींत ठेवतां येतात. 'गुण', 'हजेरी' हीं चालतात. कोणाच्या हातीं जुनी आज्ञावली आली, तर प्रथम तिच्यांतील भागाकार तपासावे.