बुडबुड्यात बुडालेलं मंत्रिमंडळ

१७१७ मध्ये ब्रिटनच्या सत्ताधारी व्हिग पक्षात फूट पडली. मंत्री टाउनशेंडची गच्छंती झाली, त्याचा मेहुणा रॉबर्ट वॉलपोल राजीनामा देऊन बाहेर पडला आणि राजा पहिल्या जॉर्जचा कारभार स्टॅनहोप-संडरलंड या जोडीकडे आला. निबंधकार जोसेफ ॲडिसनही काही काळ यांचा सहकारी मंत्री होता. लेखणीचा हा बहाद्दर सभागृहात मात्र अडखळायचा.

खरी कहाणी १७२० ची. साउथ सी कंपनीने सरकारी कर्जाचा मोठा हिस्सा आपल्या शेअरांत बदलून घ्यायची योजना आणली आणि अर्थमंत्री जॉन ॲझलबीने तिची तळी उचलली. जानेवारीत १३० पौंडांच्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराला भिडला, आणि वर्षअखेरपर्यंत गडगडला. कंपनीने सत्तेतल्या मंडळींना शेअर वाटले होते, तेही दमडी न घेता!

फेब्रुवारी १७२१ मध्ये उमरावांच्या सभागृहात या प्रकरणातल्या आरोपांना संतापून उत्तर देताना स्टॅनहोप कोसळला. दुसऱ्या दिवशी गेला. त्याच महिन्यात मंत्री जेम्स क्रॅग्ज देवीच्या आजाराने दगावला.

ॲझलबीची संसदेतून हकालपट्टी होऊन रवानगी थेट लंडनच्या टॉवरमध्ये. संडरलंड मात्र सुटला. त्याला वाचवायला धावला तो वॉलपोल, आणि एप्रिलमध्ये त्याच्या जागी तिजोरीचा प्रमुख झाला तोही वॉलपोलच.